गेट मीच लावलं

कोमल,

हो, तो मीच.

तुझा शेवटचा व्हॉइस मेसेज ऐकला आणि थोड्याच वेळात आमचे सगळ्यांचे फोन जमा करून घेतले, त्या व्हिडिओमुळेच. म्हणून कागद-पेन घेऊन बसलोय. दीपेश मांडीत गोळी खाऊन परत येतोय. त्याला आधी पुण्याच्या लष्करी दवाखान्यात ठेवतील, मग त्याची बायको नीता उरणहून त्याला बघायला जाईल आणि येताना हे पाकीट पनवेलला उतरून तुझ्याकडे देईल. तोवर सोसायटीच्या ग्रुपवर दुसरं काहीतरी आलेलं असेल आणि लोक मला विसरलेले असतील. पण तू विचारलंयस, "अहो, तो गेटवरचा माणूस तुम्ही नाही ना?" ते "नाही ना" म्हणताना तुझा आवाज असा काही झाला की मला इथं बसून तुझा राग आला. नंतर माझाच आला.

व्हिडिओत काय दिसतं ते मला ठाऊक आहे, जप्तीच्या आधी सगळ्यांनी तो पाहिला. कॅम्पच्या छपरावरून कुणीतरी काढलाय. पत्र्याचं मोठं गेट. बाहेरून पिवळ्या कापडातली एक बाई पाठीवर गाठोडं बांधून धडपडत येतेय. आत निळ्या हेल्मेटातला एक जवान गेट ढकलून बसवतो, कडी सरकवतो आणि पाठ लावून उभा राहतो. बाई पत्र्यावर हात आपटते. संपला व्हिडिओ.

यावर आपल्या स्वानंद काकांनी ग्रुपवर लिहिलं म्हणे की असल्या भेकड जवानांनी देशाची अब्रू घालवली. काकांची लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर त्यांना खुर्ची टाकून द्यावी लागते. त्यांना काही उत्तर देऊ नकोस. तुला मात्र सगळं सांगतो, त्या व्हिडिओच्या आधीचं आणि नंतरचंही. आभाला वाचून दाखवू नकोस. आईलाही नको, ती गावदेवीला नवस बोलेल आणि मग सुट्टीत मला बकरा शोधत फिरावं लागेल.

देशाचं आणि गावाचं नाव लिहायची परवानगी नाही, आफ्रिका एवढं पुरे. टेकडीवर आमचा कॅम्प, खाली बाजाराचं गाव, त्याच्या पलीकडे नदी. उत्तरेकडून एक फौज येत होती. ती सरकारच्या विरोधातली, पण तिच्याकडे गणवेश आहेत, तोफा आहेत, ट्रक आहेत, त्यामुळे तिला फौजच म्हणायला हवं. शांतिसैनिक म्हणून आमचं काम मधे उभं राहायचं. कुणाच्या बाजूनं लढायचं नाही, गावकऱ्यांना सांभाळायचं, आणि आपल्यावर किंवा त्यांच्यावर कुणी उठलं तरच गोळी झाडायची. कागदावर वाचायला हे फार छान वाटतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी पळस्पे फाट्यावर कशी गर्दी होते, तशी गर्दी त्या बाजारातल्या रस्त्यावर आठवडाभर वाहत होती. फरक एवढाच की इथं कुणी घरी चाललेलं नव्हतं, सगळे घर सोडून चालले होते. डोक्यावर गाद्या, हातात पाय बांधलेल्या कोंबड्या. एकानं शिलाई मशीनचं फक्त वरचं डोकं पोटाशी धरलं होतं, बाकीची मशीन कुठंतरी टाकून दिली होती. त्यांच्यात मिसळून सरकारचे शिपाईही पळत होते. वर्दी गटारात, बंदूक झुडपात, आणि अंगावर कुणाच्या तरी दोरीवरून ओढलेला शर्ट. ज्यांनी लढायचं तेच असे पळाल्यावर बाकीच्यांनी काय करावं?

फौज ज्या गावांतून आली तिथली माणसं आमच्या पोस्टवर यायची, फौजेनं काय केलं ते सांगायची. पुरुषांना रांगेत गुडघ्यावर बसवायचे, हात तपासायचे, खांद्यावर बंदुकीच्या पट्ट्याचा वळ दिसला की तिथंच मारायचे. विटा वाहणाऱ्याच्या खांद्यावरही वळ असतोच, त्यालाही मारायचे. एका बाईला दोघांनी उचलून आणलं. तिचा हात मनगटापासून तोडला होता आणि दुसऱ्या हातात तिनं पोर घट्ट धरलं होतं, ते पोर केव्हाच मेलेलं होतं. दीपेशनं तिचा हात बांधला, पोराला हात लावू दिलं नाही तिनं. बांधून झाल्यावर दीपेश गोदामामागे जाऊन ओकला. मला ओकारीही आली नाही, याची नंतर भीती वाटली.

ही आमची पोस्ट म्हणजे बाजारात कॉफीचं एक जुनं गोदाम होतं. आम्ही थोडे जण तिथं असायचो, बाकी सगळे वर कॅम्पात. गोदामासमोर फुराहा नावाची बाई लहान मासे तळून विकायची. पनवेलच्या मच्छी मार्केटात पापलेटाचा भाव पाडून मागितलास म्हणून तुझ्या सात पिढ्या काढणारी ती बाई आठवते? ही तिची सख्खी बहीण शोभेल. नवरा खाणीवर कामाला गेला तो आलाच नाही. घरात तिची म्हातारी सासू, जिला चालता येत नव्हतं, आणि नीमा नावाची मुलगी, आपल्या आभाएवढी. त्यांच्या भाषेत भावाला काका म्हणतात, म्हणून मी फुराहाचा काका. आम्हाला मासे फुकट द्यायची नाही, एक छदाम कमी करायची नाही, पण दीपेशला ताप आला तेव्हा तिनं न सांगता टोपभर रस्सा आणून दारात ठेवला. तो पिऊन दीपेश घामाघूम झाला आणि उठून बसला.

फौज जवळ येत होती तशी ती रोज एकच गोष्ट विचारायची. दाराशी तिनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्याकडे हनुवटी करायची, मग रस्त्याकडे, मग माझ्याकडे बघायची. म्हणजे निघू का? मी म्हणायचो, पोस्ट आहे तोवर काळजी नको. आम्हाला तेवढंच म्हणायला सांगितलेलं होतं. तेव्हा ते खरंही होतं. सासूला पाठीवर घेऊन कुठवर जाणार, म्हणून तीही थांबायची. ती थांबली की तिची गल्ली थांबायची, कारण आमच्या सगळ्यात जवळ तीच होती. आम्ही जेवलो का, गाडीत सामान चढवलं का, सगळं ती बघायची आणि गल्ली तिला विचारायची.

एका संध्याकाळी आमच्या मेजर साहेबांचा हुकूम आला की पहाटे पोस्ट उठवून वर कॅम्पात यायचं. सत्यजीत साहेब सरळ माणूस आहे. रेडिओवर त्यांचा आवाज बसलेला होता. "गुरुदत्त, गावात कोणाला बोलायचं नाही. एकदम सगळे रस्त्यावर आले तर तुमच्या गाड्या अडकतील आणि तोफा त्याच गर्दीवर पडतील. तुम्ही वर आलात की इथून भोंगा देऊन सगळ्यांना बोलावू." यात चूक काय होती? मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

सामान बांधताना फुराहाचा टोप हाती आला. आता, कोमल, तू आणि मी सोडून कुणाला हे कळणार नाही. दुसऱ्याचं भांडं आपल्याकडे ठेवून गाव सोडायचं नाही, आणि परत द्यायचं तर रिकामं द्यायचं नाही. आईचं पालुपद तुला पाठ आहे, "रिकामा टोप कुनाला परत देऊ नको रं, आपन काय भिकारी हाय?" तू तर शहाबानो भाभींचा ईदेचा डबा दोन महिने अडवून ठेवला होतास, आत काय घालावं सुचेना म्हणून. शेवटी त्या स्वतः दाराशी आल्या. "अगं रिकामाच दे ना, अल्लाच्या मेहेरबानीनं घरात डब्यांना तोटा नाही." तरी तू त्यांना बसवून ठेवलंस आणि रवा भाजायला घेतलास. तसंच माझं झालं. टोप घासला, त्यात काठोकाठ तांदूळ भरला, वर साखरेची पुडी आणि नीमासाठी दुधाचा डबा ठेवला. तोंडानं सांगायची बंदी होती, तर निदान रीत पाळू, निरोप घेऊ, असं माझ्या मनात होतं. रस्ता ओलांडून तिच्या हातात टोप दिला.

त्या संध्याकाळी तिनं नेहमीचं विचारलंच नाही. टोपात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसली. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. शेजारचा शिंपी आणि त्याची बायको दारातून बघत होते, त्यांना तिनं टोप कलता करून दाखवला. मग दाराशी बांधलेलं गाठोडं पायानं आत सरकवलं. मला वाटलं, टोप ठेवायला जागा करतेय. मला बरं वाटलं, कोमल. वाईटातून एक काम नीट झालं असं वाटलं.

पहाटे अंधारात, दिवे न लावता, गोदामाच्या मागच्या दारानं आम्ही निघालो. साहेबांनी कबूल केल्याप्रमाणे भोंगा वाजवायला लावला, लाउडस्पीकरवरून गावाच्या भाषेत सांगितलं की कॅम्पात या. ते पुरतं बोलून व्हायच्या आत नदीपलीकडून तोफा सुरू झाल्या. पहिला गोळा चर्चच्या छपरावर पडला, दुसरा बाजारात, जिथं आदल्या दिवशी केळी विकत होते तिथं. माणसं टेकडी चढून येऊ लागली. गेट सताड उघडं होतं. आम्ही दोन्ही बाजूंना उभे राहून त्यांना आत ओढत होतो, नुसते हात धरून ओढायचं, हात कुणाचा याकडे बघायचं नाही. एक माणूस स्वतःचं आतडं दोन्ही हातांनी धरून चालत आला, गेटमध्ये आल्यावर "आलो" म्हणाल्यासारखी मान हलवली आणि खाली बसला तो बसलाच. त्याच्यावरून लोक पुढे येत होते. आम्हाला त्याला बाजूला घ्यायलाही सवड नव्हती.

सगळा बाजार आला, फुराहाची गल्ली आली नाही.

आमचा दुभाषी म्हणजे गावातल्या शाळेचा मास्तर, वयस्कर माणूस. त्याला मी गर्दीत गाठून विचारलं की ती गल्ली कुठंय? तो धापा टाकत म्हणाला, ते येत नाहीत. मी जाऊन ओरडून आलो, ते हसले मला. म्हणाले, लाउडस्पीकर काहीही बोलू दे, हिंदी शिपायानं काल फुराहाला टोपभर तांदूळ दिलाय. इथली माणसं आयुष्यात इतक्यांदा पळालीत की त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, जाणारा माणूस धान्य सोबत नेतो. दुसऱ्याच्या भांड्यात तांदूळ भरून देतो तो राहणारा. म्हणून त्यांनी रात्री गाठोडी सोडली, चूल पेटवली आणि पोरांना पोटभर जेवायला घालून झोपवलं. त्यांना वाटतंय तुम्ही अजून गोदामातच आहात, हे वरचं सगळं बाकीच्यांसाठी आहे.

मला तिथंच गेटच्या खांबावर डोकं आपटावंसं वाटलं. रिकामा टोप दिला असता तर ती समजली असती. नुसता दाराशी ठेवून न बघता चालू लागलो असतो तर ती रात्रीच निघाली असती. मी तिला निरोप दिला आणि तिनं वचन घेतलं.

साहेबांकडे धावत गेलो. सगळं एका दमात सांगितलं. ते आधी नाही म्हणाले. हजारो माणसं आत घेतलीत, गाडी बाहेर काढली आणि ती अडकली तर इथं काय उरतं? मी म्हणालो, साहेब, ते माझ्यामुळे थांबलेत. त्यांनी गेटकडे बघितलं. मग म्हणाले, "एक चिलखती गाडी. गल्लीच्या तोंडाशी जायचं, आत शिरायचं नाही. आणि गुरुदत्त, गेट मी कायम उघडं ठेवू शकत नाही." दीपेश न विचारता गाडीत चढला. त्याला उतर म्हणालो तर म्हणाला, "रस्सा मी पिलाय, तुमी नाय."

बाजारात धुरात काही दिसत नव्हतं. गाडीच्या चाकांखाली काय येतंय ते ड्रायव्हर बघत नव्हता आणि आम्ही विचारत नव्हतो. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दुसऱ्या टोकाला फौज शिरलेली होती. दार लाथेनं उघडायचे, आत एक फैर झाडायचे आणि पुढच्या दाराकडे. घाईही नव्हती त्यांना, दूधवाला दारोदार जातो तसे येत होते. शिंपी बाहेर पळाला, त्यांनी त्याला पाठीत गोळी घातली. त्याची बायको त्याच्यावर वाकली तेव्हा तिलाही. दीपेशनं गाडीवरून त्यांच्या डोक्यांवरून फैर झाडली, ते दारांत दडले. तेवढ्या वेळात आम्ही ओरडलो. मी मराठीत ओरडत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. माणसं बाहेर पडली, काही अनवाणी, काही उष्ट्या हातांनी.

पोरं आणि म्हातारे गाडीत कोंबले. फुराहानं नीमाला मागच्या दारातून आत ढकललं. सासूसाठी जागा उरली नव्हती. मी म्हणालो, टपावर बांधू. तिनं टपाकडे बघितलं, तिथं दीपेशवर गोळ्या येत होत्या. मग ती पटकन खाली बसली, म्हातारीला पाठीवर घेतलं आणि अंगावरच्या पिवळ्या कापडानं, जसं त्या पोरांना बांधतात तसं, पाठीला घट्ट बांधून उठली. मला माझ्या जन्मात कुणाचा इतका आदर वाटला नाही आणि कुणाचा इतका रागही आला नाही.

चढावर गाडी हळू चालवली, लोक तिच्या आडोशानं पळत होते. दीपेशच्या मांडीत गोळी लागली ती त्या वळणावर. तो टपावरून आत कोसळला, पोरांच्या अंगावर, आणि पोरं किंचाळली. मी खाली उतरून मागच्यांना ढकलत होतो. फुराहा मागे पडत गेली. तिच्या मागे धुरातून फौजेचा पिकअप ट्रक निघाला, मागे मोठी मशीनगन बसवलेला, आणि ट्रकच्या दोन्ही बाजूंनी त्यांची माणसं धावत होती. त्यांना गेट दिसलं होतं.

गाडी आत गेली. पळणारे आत गेले. गेटवरचा पहारेकरी जखमी होऊन पडलेला होता, त्यामुळे कडी माझ्या हातात आली. मी वळून बघितलं. फुराहा आपल्या जिन्याच्या दोन मजल्यांएवढ्या अंतरावर असेल. तिच्यामागे तो ट्रक. तो तिच्यावर गोळी झाडत नव्हता, कारण ती पोचेपर्यंत गेट उघडं राहील हे त्यालाही कळत होतं. माझ्यामागे मैदानात सगळं गाव बसलेलं होतं, भिंतीला टेकून, एकमेकांच्या मांडीवर, दूध पाजत, रक्त थोपवत. ट्रक आत आला असता तर त्या गर्दीत एक गोळीही वाया गेली नसती. मी ओरडलो, "टाक तिला! म्हातारीला टाक आणि पळ!" मराठीत. बरं झालं तिला कळलं नाही.

गेट मीच लावलं. मला कुणी हुकूम दिला नाही, साहेब तिथं नव्हते. हे चौकशीतही तसंच लिहून दिलंय.

व्हिडिओ इथं संपतो. तिनं पत्र्यावर हात आपटले, ते माझ्या पाठीत लागत होते. दोनदा "काका" म्हणाली. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात, माझं लक्ष नसताना मासे घ्यायला बोलवायची तसं. मग मशीनगन सुरू झाली. पत्र्याला माझ्या डोक्याच्या वर भोकं पडत गेली आणि त्यांतून उजेड आत आला. मी कडी सोडली नाही. उतारावर आता पळणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून आमच्या बुरुजावरून उत्तर द्यायला मोकळीक होती. ट्रक पेटला, त्यातला एक जण पेटलेल्या अंगानं उतारावर धावत गेला आणि आमच्यातल्या कुणीच त्याच्यावर गोळी वाया घालवली नाही. हे मी अभिमानानं लिहीत नाही. त्याचं ओरडणं ऐकून आम्हाला बरं वाटलं, म्हणून लिहितोय.

संध्याकाळी गोळीबार थांबला तेव्हा गेट उघडलं. ती पत्र्याला टेकून बसली होती, गेटबरोबर आत पडली. सासू पाठीला तशीच बांधलेली. गोळ्या दोघींच्या आरपार गेल्या होत्या. गाठ सुटेना. मास्तर म्हणाला, राहू दे. त्या दोघींना आम्ही तशाच, एकत्र पुरलं. कॅम्पच्या कुंपणाच्या आत, पाण्याच्या टाकीमागे.

आता गाव फौजेच्या ताब्यात आहे आणि वर कॅम्पात आम्ही आणि हजारो माणसं. वाटाघाटी चालल्यात, थोड्याथोड्यांना गाड्यांतून दुसरीकडे पाठवतात. मास्तरानं मोजदाद केली, त्या गल्लीतले बहुतेक जण आत आले. साहेबांनी माझं नाव शौर्यासाठी वर पाठवलंय म्हणे. म्हणजे स्वानंद काका आता पनवेलच्या चौकात माझ्या फोटोचा बॅनर लावतील आणि खाली सगळ्या कमिटीचे फोटो छापतील. लावू नका म्हणून सांग. मी घरी आल्यावर मला ओवाळायचंही नाही. आणि "तुम्ही बरोबर केलंत" असं म्हणू नकोस. मला ते माहीत आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

नीमाचं सांगायचं राहिलं. गाडीतून उतरून ती माझ्यामागे येऊन उभी होती, ते मला नंतर कळलं. तिनं सगळं बघितलंय. ती माझ्यावर चिडलीही नाही, रडलीही नाही. रोज सकाळी पाण्याचा टँकर येतो, त्यासाठी गेट उघडतात. टँकरचा आवाज आला की ती मला शोधून काढते, माझं बोट धरते आणि गेटपाशी नेते. बाकी कुणी जवान चालत नाही, मीच लागतो. मी कडी काढायची. मग ती उतारावरचा रस्ता बघत उभी राहते. टँकर रिकामा होऊन परत जाईस्तोवर हलत नाही. मास्तरानं तिला समजावून सांगितलं, आई मेली, त्या टाकीमागे आहे. तर ती त्याला म्हणाली, "गेट बंद होतं म्हणून ती आली नाही. आता हा उघडतोय ना." मास्तरानं हे मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

मग मी रोज उघडत राहिलो. टँकर नसेल त्या दिवशीही पहारेकऱ्याच्या हातापाया पडून थोडं उघडायचो. मला वाटायचं, हिची वाट बघून संपेल तेव्हा ही मोठ्यानं रडेल, मग मी जवळ घेईन.

आज टँकर आला. तिनं माझं बोट धरलं, आम्ही गेलो, मी कडी काढली. तिनं रस्त्याकडे बघितलंच नाही. टँकर बाहेर पडला तशी ती माझं बोट सोडून पुढे झाली आणि दोन्ही हातांनी गेट ढकलू लागली. ते जड आहे, मोठ्या माणसालाही खांदा लावावा लागतो. मी मदतीला गेलो तर तिनं कोपरानं मला मागे सारलं. बऱ्याच वेळानं गेट बसलं. मग तिनं टाचा उंचावून कडी सरकवली, माझ्यासारखीच पाठ पत्र्याला लावून उभी राहिली आणि मैदानातल्या माणसांकडे बघत राहिली. थोड्या वेळानं जेवणाच्या रांगेत निघून गेली. मी तिथंच मातीत बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो, कोमल.

गुरुदत्त